परदेशात घेतलेली नौका आणि तिच्यावरील वायरलेस सेट

कापडाच्या धंद्यात नवा माणूस पहिल्यांदा फसतो तो मापात. तागा चाळीसचा म्हटले की चाळीस मीटर की चाळीस वार, हे विचारून घ्यावे लागते. न विचारल्यास ताग्यामागे सुमारे साडेतीन मीटरांचा फटका बसतो. परदेशात घेतलेल्या नौकेवरील वायरलेस सेटचेही असेच आहे. आकडा तोच, माप मात्र निराळे. कापडात चुकलो तर पैसा जातो, दर्यात चुकलो तर जीव जाऊ शकतो.

रत्नागिरीचे आमचे एक गिऱ्हाईक आखातातील नोकरी आटोपून परतण्याच्या बेतात आहेत. तेथे एक जुनी शिडाची नौका विकाऊ आहे. ती आणून पर्यटकांना फिरवण्याचा धंदा करावा, असा त्यांचा विचार. नौकेवर व्हीएचएफ सेट आहे. "सेट चालू आहे, मग अडचण काय?" असे त्यांनी दुकानात बसून विचारले. जाणकारांशी बोलून जे समजले ते आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांसाठी येथे देत आहे.

चॅनेलचा घोटाळा

दर्यावरील व्हीएचएफ सेटवर चॅनेलला नंबर असतात. प्रत्येक नंबरामागे ठरावीक फ्रिक्वेन्सी असते. चॅनेल १६ म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ. संकटाची हाक देण्याचे हे चॅनेल जगभर एकच आहे. पण सर्व चॅनेलचे तसे नाही. उदाहरणार्थ, चॅनेल २२ घ्या. आंतरराष्ट्रीय पद्धतीत नौका १५७.१ वर बोलते आणि किनाऱ्याचे केंद्र १६१.७ वर उत्तर देते. अमेरिकन पद्धतीत दोघेही १५७.१ वरच बोलतात. अमेरिकन पद्धतीवर लावलेला सेट इकडे आणला तर आपली हाक किनाऱ्याला पोहोचेल, पण किनाऱ्याचे उत्तर आपल्याला ऐकू येणार नाही. तांडेलाला वाटेल की कोणी ऐकतच नाही.

यावर इलाज सोपा आहे. बहुतेक सेटमध्ये आंतरराष्ट्रीय, अमेरिकन आणि कॅनेडियन अशा तीन पद्धती भरलेल्या असतात. सेटच्या पुस्तिकेत पाहून तो आंतरराष्ट्रीय पद्धतीवर आणावा. सेट उघडून आत हात घालण्याची गरज नसते.

हॉलंड, बेल्जियमसारख्या देशांतील नद्या-कालव्यांत फिरलेली नौका असेल तर आणखी एक गोष्ट तपासावी. तेथील सेटमध्ये 'एटीस' नावाची सोय असते. बोलणे संपवून बटण सोडले की सेट आपोआप आपली ओळख पाठवतो. ही सोय नदीपुरती आहे. समुद्रावर ती बंद ठेवावी लागते.

जुन्या मालकाचा नंबर

१९९९ पासून जगभर अमलात आलेल्या व्यवस्थेत सेटवर लाल बटण आले. ते दाबले की चॅनेल ७० वरून संकटाचा संदेश आपोआप जातो. त्यासोबत नऊ आकडी ओळख क्रमांक जातो. त्याला एमएमएसआय म्हणतात. नौकेच्या क्रमांकाचे पहिले तीन आकडे देशाचे असतात. भारताचे ४१९, संयुक्त अरब अमिरातीचे ४७०. जुन्या मालकाचा क्रमांक सेटमध्ये तसाच राहिला तर आपण बुडत असताना शोध घेणारे त्या मालकाच्या घरी चौकशी करतील. क्रमांक भरण्याची संधी बहुतेक सेट एकदा-दोनदाच देतात. पुढे तो कंपनीकडून किंवा तिच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच बदलून घ्यावा लागतो. सबब सौदा ठरतानाच हा खर्च कोणाचा, ते लिहून घ्यावे.

कागदपत्रे

वायरलेस सेट म्हणजे सामानात टाकून आणायचा टेपरेकॉर्डर नव्हे. परवान्याशिवाय असा सेट जवळ बाळगण्यास आपल्याकडे १९३३ च्या कायद्याने बंदी घातली. २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही परवानगीची अट आहेच. हे काम दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी शाखेकडे येते. सेट चालवणाऱ्यालाही प्रमाणपत्र लागते. नौका निघण्यापूर्वीच अर्जाची तजवीज करावी.

याकडे हलगर्जीपणा का नको, ते कोकणाने पाहिले आहे. १८ ऑगस्ट २०२२ रोजी हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला 'लेडी हान' नावाची परदेशी नौका बेवारस लागली. तिच्यात एके-४७ रायफली सापडल्या आणि जिल्ह्यात नाकाबंदी झाली. पुढे उलगडा झाला की त्या वर्षीच्या जूनमध्ये इंजिन बिघडल्यावर खलाशांनी मदत मागितली होती. कोरियन युद्धनौकेने त्यांना वाचवले आणि रिकामी नौका वाहत इकडे आली. नौकेची ओळख पटली तेव्हाच लोकांच्या जिवात जीव आला.

कारागिरांसाठी

सेट पूर्ण ताकदीने, म्हणजे २५ वॅटवर बोलतो तेव्हा १२ व्होल्टच्या बॅटरीतून पाच-सहा अँपिअर ओढतो. बारीक वायर घातली तर ऐकू नीट येते, पण बोलताना व्होल्टेज पडते. नौकेवर २४ व्होल्ट असल्यास मधे कन्व्हर्टर लागतो. अँटेना न जोडता बोलण्याचे बटण दाबू नये. सेट जळण्याचा धोका असतो. खारी हवा केबलच्या जोडाला खाते, म्हणून जोड रबरी टेपने बंद करावा. अँटेना जितकी उंच तितका पल्ला अधिक. दोन्ही नौकांच्या अँटेना नऊ-नऊ मीटर उंच असतील तर साधारण २५ किलोमीटरपर्यंत बोलणे होते. त्यामुळे महागड्या सेटपेक्षा डोलकाठीच्या टोकावरील चांगली अँटेना अधिक उपयोगी पडते.

काम झाल्यावर लाल बटण दाबून चाचणी घेऊ नये. चुकून दाबले गेलेच तर संदेश रद्द करून चॅनेल १६ वर तसे ताबडतोब सांगावे, नाहीतर बचावाची माणसे विनाकारण धावतील. चाचणी दुसऱ्या नौकेशी साध्या चॅनेलवर बोलून घ्यावी. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबरही सेटजवळ लिहून ठेवावा.

आमच्या गिऱ्हाइकाला हे सारे सांगितले. त्यांनी इसाऱ्याची रक्कम तूर्त रोखली आहे आणि विकणाऱ्याकडे सेटची पुस्तिका, ओळख क्रमांक व जुना परवाना मागितला आहे. ताग्याला हात लावण्याआधी माप विचारावे, तसेच हे आहे.