दाढेचा फोटो आणि कमरेचा पंप

एका दाढेचं रूट कॅनाल करायचं तर निदान तीन-चार एक्स-रे फोटो लागतात. पहिला फोटो कीड कुठवर गेली आहे ते पाहायला. दुसरा, मुळाच्या कालव्यात बारीक फाइल घालून तिचं टोक शेंड्यापर्यंत पोचलं का ते बघायला. तिसरा गटापर्चाची गुलाबी काडी आत बसवून, आणि शेवटचा सगळं भरून झाल्यावर. बहुतेक पेशंटना यातला एकही आठवत नाही. भूल दिलेला ओठ आणि ड्रिलचा आवाज तेवढा लक्षात राहतो. माझ्या कमरेला मात्र इन्सुलिनचा पंप असतो, त्यामुळे यातला प्रत्येक फोटो हे माझ्यासाठी वेगळं काम होऊन बसतं.

मला टाइप १ मधुमेह आहे, म्हणजे स्वादुपिंड इन्सुलिन बनवतच नाही. ते काम पंप करतो. त्याच्या पोटात ३ मिलिलिटरची कुपी असते, तीत ३०० युनिट इन्सुलिन मावतं. आपल्याकडच्या औषधांच्या दुकानात इन्सुलिनच्या बऱ्याच बाटल्या मिलिलिटरला ४० युनिटच्या असतात. पंपाला मात्र १०० युनिटचंच चालतं, त्यामुळे दुकानदाराने पुढे केलेली बाटली मी दर वेळी फिरवून वाचते. कुपीचा दट्ट्या एक छोटी मोटर पुढे ढकलते. एक युनिट म्हणजे मिलिलिटरचा शंभरावा भाग, आणि यंत्र त्याच्याही चाळिसाव्या हिश्शापर्यंत मोजून देतं. तिथून प्लॅस्टिकची बारीक नळी निघते आणि पोटाच्या कातडीखाली काही मिलिमीटर गेलेल्या मऊ कॅन्युलात संपते.

या यंत्राची एक अडचण अशी की त्यात फक्त झटपट काम करणारं इन्सुलिन असतं. दिवसभर पुरणारं दुसरं इंजेक्शन मी घेतलेलं नसतं. पंप काढला की काही तासांत अंगातला साठा संपतो, साखर चढते, आणि तसंच चालू राहिलं तर कीटोन तयार होऊ लागतात. म्हणून आमच्या डॉक्टरांचा सल्ला असा, की आंघोळीसाठी काढा, पोहायला काढा, पण साधारण तासाभरात परत लावा.

आता फोटोचं काय? माझ्या पंपाच्या माहितीपुस्तिकेत एमआरआय, सीटी आणि एक्स-रे तिन्ही एकाच इशाऱ्यात येतात: पंप काढून खोलीबाहेर ठेवा. खरं तर तिघांची तऱ्हा निरनिराळी आहे. एमआरआयचं चुंबकीय क्षेत्र पंपाच्या मोटरला कायमचं बिघडवू शकतं, तिथे वाद घालायला जागाच नाही. सीटीच्या बाबतीत अमेरिकेच्या एफडीए या नियामक संस्थेने २००८ मध्ये डॉक्टरांना सावध केलं होतं. पेसमेकर, मज्जातंतूंना चेतना देणारी यंत्रं आणि इन्सुलिनचे पंप सीटीच्या किरणांखाली आल्यावर विचित्र वागल्याच्या मोजक्या नोंदी त्यांच्याकडे आल्या होत्या. जोरदार किरण थेट चिपवर पडले तर सर्किटमध्ये नको तो विद्युतप्रवाह उमटू शकतो, हे त्यामागचं कारण.

दाढेचा फोटो या दोघांच्या मानाने फारच लहान. हल्ली फिल्मऐवजी आरव्हीजीचा, म्हणजे डिजिटल एक्स-रेचा, सेन्सर वापरतात. तोंडातल्या एका फोटोत शरीराला मिळणारी मात्रा काही मायक्रोसिव्हर्टच असते. जमीन, हवा, अन्न आणि आकाशातून येणारे नैसर्गिक किरण जगात सरासरी वर्षाला २४०० मायक्रोसिव्हर्ट देतात, म्हणजे एक फोटो साधारण एका दिवसाच्या नैसर्गिक हिश्शाएवढा. १८९६ च्या जानेवारीत, रॉन्टगेनने लावलेल्या एक्स-रेच्या शोधाची बातमी फुटून जेमतेम पंधरवडा झाला होता, तेव्हा ऑटो वाल्खॉफ या जर्मन दंतवैद्याने स्वतःच्या दातांचा फोटो काढला. त्यासाठी त्याला पंचवीस मिनिटं तोंडात काचपट्टी धरून बसावं लागलं. आता बटण दाबल्यापासून ‘पीं’ संपेपर्यंत एका सेकंदाचा छोटासा तुकडा लागतो. शिवाय किरणांचा झोत गालावर सहा-सात सेंटिमीटरच्या वर्तुळात पडतो आणि पंप असतो कमरेला, झोताच्या वाटेपासून चांगला हातभर लांब.

मग काढायचाच कशाला? हा प्रश्न मी माझ्या मधुमेहाच्या डॉक्टरांना विचारला. त्यांचं उत्तर सरळ होतं. धोका नगण्य आहे हे खरं, पण यंत्र बनवणाऱ्याने ‘काढा’ म्हटलंय आणि काढायला दहा सेकंद लागतात, तर काढावा. पुढे त्यांनी जे सांगितलं ते मला जास्त मोलाचं वाटलं. पंप काढल्याने कोणी आजारी पडत नाही, तो परत लावायचा राहून गेल्याने पडतं.

तेव्हापासून फोटोच्या वेळी मी यंत्रापेक्षा क्रमावर लक्ष ठेवते. खुर्चीवर बसण्याआधी ग्लुकोमीटरने साखर बघते. मग कॅन्युलापासून नळी सोडवते आणि त्यानंतर पंपाला ‘थांब’ सांगते. नुसती नळी सोडून पंप चालूच ठेवला तर तो इन्सुलिन हवेत ठिबकवत राहतो आणि ते माझ्या अंगात गेलं असं हिशेबात धरतो. पुढचा डोस सुचवताना तो हा खोटा हिशेब वजा करतो, आणि चढलेल्या साखरेवर अपुरं इन्सुलिन पडतं. परत लावताना नळीच्या टोकाशी थेंब दिसतो का ते बघायचं, जोडताना ‘टक्’ ऐकायचं, आणि पंप पुन्हा सुरू करायचा. जोडला, पण सुरूच केला नाही, असं होणं अगदी सोपं असतं, कारण एव्हाना डॉक्टर पडद्यावरचा फोटो दाखवून मुळाबद्दल काही सांगायला लागलेले असतात.

रूट कॅनालच्या दिवशी दर फोटोला काढ-घाल करणं कोणालाच परवडत नाही. दाढेभोवती रबर डॅम ताणलेला, तोंडात फाइल, हातमोजे घातलेले डॉक्टर घाईत. म्हणून त्या बैठकीला मी पंप सुरुवातीलाच काढते. सकाळी माझा बेसल, म्हणजे पंप सतत थोडाथोडा सोडत राहतो तो डोस, तासाला ०.८ युनिट असतो. पाऊण तास पंप दूर राहिला तर ०.६ युनिट कमी पडतं. हे भरून काढायचं की सोडून द्यायचं, ते त्या वेळच्या साखरेवर ठरतं, आणि त्याचा आराखडा मी माझ्या डॉक्टरांकडून आधीच घेतलेला असतो. बैठक तासाच्या पुढे लांबणार असं दिसलं तर मध्येच हात वर करते.

पंप ठेवायचा कुठे, हाही प्रश्नच असतो. आमच्या दवाखान्यातली असिस्टंट पहिल्यांदा म्हणाली होती, “ताई, मोबाईल इथे ट्रेमध्ये ठेवा.”

“मोबाईल नाही हा, इन्सुलिनचा पंप आहे. फोटो झाला की मला लगेच परत लागेल.”

“मग बाहेर टेबलावर ठेवू?”

टेबलावर ठेवण्यात एक गोम आहे. थांबवलेला पंप मधूनमधून थरथरून आठवण करून देतो, पण बाहेरच्या खोलीत ती थरथर ऐकणार कोण? म्हणून सोबत कोणी असेल तर पंप त्यांच्या हातात जातो. एकटी असले तर असिस्टंटच्या हातात, आणि “हा माझ्याकडे दिल्याशिवाय मला सोडू नका” असं बजावून. तिला हे एकदा सांगितलं, आता ती आपणहून विचारते.

अक्कलदाढेसाठी किंवा इम्प्लांटसाठी ओपीजी, म्हणजे अख्ख्या जबड्याचा फोटो, लागला तर पुण्यात बऱ्याचदा वेगळ्या सेंटरला जावं लागतं. तिथे यंत्र डोक्याभोवती फिरतं आणि फेरीला पंधराएक सेकंद लागतात. तंत्रज्ञांचा पाढा ठरलेला: “कानातलं काढा, चेन काढा, क्लिप, चष्मा. हा ठोकळा पुढच्या दातांत धरा, जीभ टाळूला लावा, हलू नका.” कानातलं राहिलं तर ओपीजीत त्याची अस्पष्ट सावली दुसऱ्या बाजूला, जरा वरच्या अंगाला उमटते आणि दाढेवर पडू शकते. कमरेचा पंप चित्रात कुठेच येत नाही, म्हणून पाढ्यातही येत नाही. तो आपणच उच्चारावा लागतो. कोन बीम सीटी असेल तर आणखी ठामपणे, कारण तिथली मात्रा साध्या फोटोपेक्षा बरीच जास्त असते.

छातीवर शिशाचा एप्रन टाकला की पंप झाकला जातो, मग काळजी कशाला, असंही काही जण सुचवतात. पण त्या एप्रनचेच दिवस भरत आलेत. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०२४ च्या फेब्रुवारीत दातांच्या एक्स-रेसाठी एप्रन आणि गळ्याची पट्टी दोन्ही बंद करायची शिफारस केली. आधुनिक यंत्रांचा झोत इतका आवरलेला असतो की त्यांचा फायदा उरलेला नाही, उलट ती झोताच्या आड येऊन फोटो बिघडवू शकतात. एप्रनच्या भरवशावर पंप अंगावर ठेवण्यापेक्षा तो काढलेला बरा.

दंडावरच्या सेन्सरची गोष्ट अधिक खर्चाची. कातडीखालची साखर दर काही मिनिटांनी पंपाला कळवणारा हा तुकडा एकदा उपटला की पुन्हा लावता येत नाही, आणि त्याची किंमत हजारांत असते. तो एक्स-रेच्या वेळी काढायचा की नाही, याचे नियम कंपनीगणिक वेगळे आहेत आणि बदलतही असतात, म्हणून पुस्तिकेची ताजी आवृत्ती बघावी. माझ्यापुरता तोडगा कॅलेंडरचा आहे. सेन्सर बदलायच्या दिवशीच फोटोची वेळ घ्यायची. जुना काढायचाच असतो, फोटो काढून घ्यायचा आणि घरी येऊन नवा लावायचा. मधल्या काळात पंप आपोआप डोस ठरवू शकत नाही, तेवढ्यापुरतं बोट टोचायचं.

भुलीचाही हिशेब ठेवावा लागतो. आपल्याकडे सहसा लिग्नोकेनबरोबर किंचित अॅड्रेनॅलिन असतं, आणि अॅड्रेनॅलिनचा कल साखर चढवण्याकडे. उलट ओठ बधिर असला तर नंतर दोन तास नीट जेवता येत नाही. अशा वेळी जेवणाचं इन्सुलिन आधीच घेऊन बसलं तर साखर खाली जाते. म्हणून माझी वेळ सकाळी न्याहारीनंतरची, आणि पर्समध्ये ग्लुकोजचं पाणी. बधिर तोंडाने गोळी चघळण्यापेक्षा घोट घेणं सोपं.

हे सगळं दर वेळी पेशंटनेच लक्षात ठेवावं अशी आजची पद्धत आहे. ओपीजी सेंटरच्या भिंतीवर ‘गरोदर असल्यास आधी सांगा’ हा फलक असतो. दवाखान्याच्या केसपेपरवर बीपी, शुगर, दमा, अॅलर्जी यांचे चौकोन असतात. ‘शुगर’वर खूण केली तरी पेशंट गोळी घेतो, इंजेक्शन घेतो की यंत्र अंगावर बाळगतो, हे डॉक्टरांना कळत नाही. पेसमेकर, कानातलं इम्प्लांट, पंप, सेन्सर या सगळ्यांना पुरेल असा एकच चौकोन हवा: ‘अंगावर किंवा अंगात एखादं वैद्यकीय यंत्र आहे का?’ आणि खाली असिस्टंटने फोटोनंतर खूण करण्यासाठी आणखी एक: ‘परत लावलं’. दुसरा चौकोन मला जास्त महत्त्वाचा वाटतो.