चिमूटभर तांदूळ आणि दोन ठोके

मध्य जावातले कोणतेही भातगाव घ्या. रात्रीचे अकरा वाजून गेले आहेत. खाचरांत पाणी भरलेले आहे आणि बेडकांचा गजर चालू आहे. गल्लीच्या तोंडाशी एका बाजूने उघडी अशी छोटी चौकी आहे. तिथे चार-पाच पुरुष सारोंग गुंडाळून गप्पा मारत बसले आहेत. चौकीच्या आढ्याला लाकडाचा एक पोखरलेला ओंडका टांगलेला असून त्याला लांब उभी फट ठेवलेली आहे. याला म्हणतात 'केंटोंगान'. गरीब गावात तो साध्या जाड बांबूचाही चालतो.

हे पुरुष पोलीस नाहीत आणि पगारी रखवालदारही नाहीत. आज त्यांची पाळी आहे, एवढेच. तीस-चाळीस घरांची मिळून एक शेजारगट बनतो. त्यातल्या प्रत्येक घराने ठरलेल्या रात्री एक माणूस द्यायचा. या गस्तीला 'रोंडा' म्हणतात. गस्त जुनी, पण शेजारगटांची आजची रचना दुसऱ्या महायुद्धातली आहे. 1942 ते 1945 या काळात जावा जपान्यांच्या ताब्यात होते आणि त्यांनी आपल्याकडची शेजारगटाची पद्धत तिथे आणली. राज्यकर्ते गेले, गट राहिले. पुढे 1980 च्या दशकात इंडोनेशियाच्या सरकारने गावोगावची गस्त एका सरकारी नावाखाली बांधून टाकली.

मध्यरात्रीच्या सुमारास मंडळी फेरीला निघतात. प्रत्येक घराच्या दर्शनी भिंतीवर एखादा डबा किंवा बांबूचे नळकांडे टांगलेले असते आणि त्यात चिमूटभर तांदूळ असतो. तो पिशवीत ओतायचा आणि पुढच्या घराकडे जायचे. या पद्धतीचे नावच 'जिंपितान' आहे. 'जिंपित' म्हणजे चिमूट. जमलेला तांदूळ विकून आलेल्या पैशातून गल्लीचा दिवा, वाटेची डागडुजी, कुणाच्या घरी मयत झाली तर मदत, असे खर्च भागतात. आपल्याकडच्या मुष्टिफंडाची आठवण व्हावी अशीच ही गोष्ट. पण जावातल्या चिमटीत आणखी एक गंमत आहे. सकाळी डबा रिकामा दिसला, तर घरधन्याला कळते की रात्री गस्त खरोखर येऊन गेली. भरलेलाच राहिला, तर पहारेकरी चौकीतच झोपले! राखणदारांवर राखण कोण ठेवणार, हा जुना प्रश्न या लोकांनी चिमूटभर तांदळाने सोडवला आहे.

आवाज लांब का जातो?

माझ्यासारख्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्याचे लक्ष मात्र त्या ओंडक्याकडे जाते. फटीच्या काठावर दांडक्याने ठोका मारला की लाकडाचे ओठ थरथरतात आणि त्याबरोबर आतली हवाही मागेपुढे होऊ लागते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की घुमणारा आवाज येतो ना, तसेच इथे घडते. पोकळी जितकी मोठी आणि तोंड जितके लहान, तितका आवाज खर्जाचा. खर्जाच्या आवाजाचा प्रवासात फायदा होतो. हवा उच्च कंप्रतेचा आवाज अधिक शोषून घेते, आणि झाडांची पाने तो इकडेतिकडे विखुरतात. बांबूची बेटे आणि नारळी-केळी यांनी वेढलेल्या वस्तीतून माणसाची किंकाळी लवकर विरते. ओंडक्याचा घुमारा पुढे जातो.

याच्या जोडीला रात्र असते. उन्हे उतरली की जमीन झपाट्याने निवते आणि तिच्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते. आवाजाचा वेग उबदार हवेत जास्त आणि थंड हवेत कमी असतो. त्यामुळे आवाजाचे तरंग थंड थराकडे, म्हणजे जमिनीकडे वाकतात. दुपारी नेमके उलटे घडते. तापलेल्या जमिनीवरून आवाज वर वळतो आणि काही अंतरावर ध्वनीची जणू सावली पडते. लांबच्या आगगाडीची शिट्टी आपल्याला रात्रीच का ऐकू येते, याचे कारण हेच. चोर रात्री येतो आणि इशाराही रात्रीच लांबवर पोचतो. गावाच्या बाजूने निसर्गाने दिलेली ही एक सवलतच म्हणायची.

आता संकेत पाहू. अनेक चौक्यांवर त्यांचा तक्ता रंगवलेला असतो. गावागणिक थोडा फरक पडतो, पण बहुधा तो असा असतो: एकेक सुटा ठोका म्हणजे खून, दोन-दोन ठोके म्हणजे चोरी, तीन-तीन म्हणजे आग, चार-चार म्हणजे पूर किंवा तशी आपत्ती, आणि पाच-पाच म्हणजे गुरांची चोरी. गुरांसाठी वेगळा संकेत आहे, यावरून बैल-म्हशींची किंमत कळते. न थांबता वाजणारा जलद ठोका म्हणजे धोका, आहात तसे धावून या. एका चौकीचा ठोका ऐकून पुढची चौकी तोच वाजवते. यातली युक्ती अशी की संदेश आवाजाच्या जातीत नसून संख्येत आहे. ओंडका फणसाचा असो वा बांबूचा, वाटेत आवाज कितीही दबलेला असो, दोन हे दोनच राहतात. आजचे संगणक ज्या कारणासाठी आकड्यांत बोलतात, त्याच कारणासाठी जावाचा शेतकरी शतकानुशतके आकडे वाजवत आला आहे.

राखायचे काय?

एवढी व्यवस्था कशासाठी? जावा बेट आकाराने महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही लहान आहे, पण 2020 च्या जनगणनेत तिथे पंधरा कोटींवर माणसे मोजली गेली. बहुसंख्य शेतकरी कुटुंबांकडे अर्धा हेक्टरही जमीन नाही, आणि अनेकांकडे मुळीच नाही. मग ज्याच्याकडे कोठार नाही, त्याने दुसऱ्याच्या कोठारासाठी रात्र का जागवावी?

याचे जुने उत्तर चौकीत नव्हते, ते शेतात होते. जावातल्या बायका भात विळ्याने कापत नसत. तळहातात लपेल एवढी, आडव्या लाकडी मुठीची एक छोटी पाती असे. तिचे नाव 'आनी-आनी'. तिने एकेक लोंबी वीतभर देठासह खुडायची. दाण्यात देवी श्री वसते, मोठे पाते पाहून ती भिऊ नये म्हणून पाती मुठीत लपवायची, अशी श्रद्धा. कापणीला येईल तिला सहसा परत पाठवत नसत. प्रत्येकीने खुडलेल्या पेंढ्यांतून ठराविक वाटा तिचा. याला 'बावोन' म्हणत. नात्यातलीला वाटा जास्त, परकीला कमी. नंतर सरवा वेचायला येणाऱ्यांनाही कोणी हटकत नसे. आपल्याकडे खळ्यावर बलुते मोजून देत, त्याच्या जवळची ही रीत. पीक मालकाचे खरे, पण त्यावर अर्ध्या गावाचा काहीतरी हक्क होता. ज्या धान्यात आपला वाटा आहे, ते माणूस आपण होऊन राखतो.

ही रीत भाताच्या जातीवर टेकलेली होती. जावातील जुन्या 'बुलू' जाती उंच, कुसळांच्या आणि दाणा घट्ट धरून ठेवणाऱ्या. दाणा आणि देठ यांच्या सांध्यात पेशींचा एक नाजूक थर असतो. तो पुरता तयार झाला, तर पिकलेला दाणा धक्क्यासरशी गळतो. 2006 साली संशोधकांनी या गुणाशी संबंधित दोन जनुके ओळखली. रानटी भातात दाणे आपोआप गळतात, कारण त्याला बी पसरवायचे असते. माणसाने निवड करत करत न गळणारा भात जोपासला. बुलूचा दाणा न गळणारा, म्हणून लोंबीची पेंढी बांधून डोक्यावर घरी नेता येई, वाळवून तशीच कोठारात रचता येई, आणि लागेल तेवढीच उखळात कांडता येई.

तुसातला भात टिकतोही चांगला. सोंडकिड्याला अखंड तूस सहसा भेदता येत नाही. तूस काढले की कोंड्यातले तेल हवेशी गाठ पडून खवट होऊ लागते. वाळवून ओलावा चौदा टक्क्यांच्या आसपास आणला, की तुसातले धान्य दीर्घकाळ राहते. पश्चिम जावात हालिमुन डोंगरातल्या चिप्तागेलार या वस्तीत आजही वर्षाला एकच पीक घेतात, लोंब्या खुडतात, पेंढ्या कोठारांत ठेवतात आणि भात विकणे निषिद्ध मानतात.

1960 च्या दशकाअखेर नव्या बुटक्या जाती आल्या. त्यातली गाजलेली आय.आर. 8 ही जावातल्याच 'पेटा' जातीची लेक. पेटाचा एक जनक बंगालकडचा 'लतिसाइल' भात आणि आय.आर. 8 चा दुसरा जनक तैवानचा बुटका भात. नव्या जाती एकसाथ पिकत, पण दाणे लवकर गळत. पेंढी घरी नेईतो दाणे वाटेत सांडणार. म्हणून बुंध्याशी विळ्याने कापायचे, शेतातच झोडपायचे आणि पोत्यात भरायचे. आनी-आनी मागे पडली. विळ्याला माणसे कमी लागतात. त्याच सुमारास भात गिरणीत जाऊ लागला आणि कांडपावर पोट भरणाऱ्या बायकांचे कोट्यवधी दिवसांचे काम गेले.

विल्यम कॉलियर, गुणवन विरादी आणि सुएन्तोरो यांनी 1973 साली एक बदल नोंदवला. शेतकरी उभे पीक कापणीच्या काही दिवस आधीच व्यापाऱ्याला विकू लागले होते. या रिवाजाला 'तेबासान' म्हणतात. गावातल्या शेजारणीला नाही म्हणणे मालकाला जड जाते, बाहेरच्या व्यापाऱ्याला जात नाही. तो मोजके मजूर घेऊन येतो. ज्या बायका पूर्वी त्याच शेतातून पेंढी घेऊन जात, त्या आता बांधावर उभ्या राहू लागल्या.

सगळा दोष नव्या बियाण्यावर टाकणे मात्र बरोबर नाही. हायामी आणि किकुची या जपानी अभ्यासकांनी 1981 च्या पुस्तकात पश्चिम जावातल्या दोन गावांची तुलना केली. मजुरांची कमाई घसरली ती शेतीचे तंत्र न सुधारलेल्या गावात. माणसे वाढली आणि जमीन तेवढीच राहिली, हे त्यांच्या मते खरे कारण. मला दोन्ही बाजूंत तथ्य वाटते. बियाणे बदलले नसते तरी वाटा आटलाच असता, पण बियाण्यामुळे आणि व्यापाऱ्यामुळे तो नाकारणे सोपे झाले.

वाटा आटल्यावरही ओंडका चौकीत टांगलेला राहिला. त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. ठोका 'या' असे सांगतो. 'आधी खात्री करा' हे सांगण्याची सोय त्यात नाही. जमाव जमतो आणि पकडलेला माणूस खरेच चोर आहे का, हे विचारायला कोणी थांबत नाही. 1998 साली पूर्व जावातल्या बान्यूवांगी जिल्ह्यात चेटूक करतात या संशयावरून शंभराहून अधिक माणसे मारली गेली. अफवांनी घाबरलेल्या गावांनी पहारे बसवले, वाटसरूंना अडवून ओळखपत्रे तपासली. त्याच ओंडक्याने मेरापी ज्वालामुखीच्या उतारावरच्या गावांना मात्र धोक्याच्या वेळी घराबाहेर काढले आहे. तिथे आता बिनतारी संच आहेत, तरी केंटोंगान काढून टाकलेला नाही.

भिंतीवरचा डबा काही गावांत अजून आहे, पण आता त्यात तांदळाऐवजी बहुधा नाणे असते.

वर्गात करून पाहण्यासारखे काही: दोन्ही पेरे शाबूत असलेला जाड बांबूचा तुकडा घ्या आणि सुतारकाम करणाऱ्याकडून त्याला लांब अरुंद फट पाडून घ्या. ठोका मारून आवाज ऐका. मग फटीचा अर्धा भाग चिकटपट्टीने बंद करून पुन्हा ऐका. खर्ज वाढला का? नंतर हिवाळ्यात मोकळ्या मैदानावर एकाने दोन, तीन किंवा चार ठोके मनाला येतील तसे वाजवावेत. बाकीच्यांनी दूर दूर जात आकडा लिहावा. आकडा चुकू लागला की ते अंतर पावलांनी मोजा. हाच प्रयोग दुपारी दोनला करा आणि सूर्य मावळल्यावर, वारा पडलेला असताना पुन्हा करा. दोन्ही अंतरे फळ्यावर शेजारीशेजारी लिहा.