ग्लेन एको : ज्ञानसत्रापासून क्रीडोद्यानापर्यंत

गावाचा इतिहास म्हटला की राजे, किल्ले आणि लढाया यांचेच चित्र विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु जेथे माणसे जमली, मुले खेळली, त्या जागेलाही इतिहास असतो आणि तो पुष्कळदा अधिक बोधप्रद ठरतो. अमेरिकेच्या मेरिलँड राज्यात, वॉशिंग्टन शहरालगत पोटोमॅक नदीच्या काठी वसलेले ग्लेन एको हे लहानसे गाव याचे उत्तम उदाहरण होय.

या गावाचा आरंभ शिक्षणाच्या हेतूने झाला. एडविन व एडवर्ड बाल्टझली या जुळ्या बंधूंनी तेथे जमीन घेऊन १८९१ साली 'शटॉक्वा' भरविले. शटॉक्वा म्हणजे लोकशिक्षणाचे सत्र. न्यूयॉर्क राज्यातील त्याच नावाच्या सरोवराकाठी १८७४ साली, धर्मशिक्षण देणाऱ्या शिक्षकांच्या प्रशिक्षणार्थ ही प्रथा सुरू झाली व पुढे तीत व्याख्याने, संगीत आणि सामान्य ज्ञानाचे वर्ग समाविष्ट झाले. अमेरिकन रेडक्रॉसच्या संस्थापिका व पूर्वाश्रमीच्या शिक्षिका क्लारा बार्टन यांनाही बंधूंनी येथे जागा दिली. १८९७ पासून १९१२ साली मृत्यू येईपर्यंत त्या येथेच राहिल्या. परंतु परिसरात हिवताप असल्याची वार्ता पसरली, श्रोते येईनासे झाले आणि ज्ञानसत्र एकाच हंगामात बंद पडले.

त्याच आवारात पुढे करमणुकीचे उद्यान उभे राहिले. १९११ साली ते ट्राम चालविणाऱ्या कंपनीच्या ताब्यात गेले. सुटीच्या दिवशी ट्रामला उतारू मिळावेत म्हणून मार्गाच्या टोकाशी करमणुकीची सोय करावी, हा त्या काळातील कंपन्यांचा व्यवहार होता. १९२१ साली लाकडी प्राण्यांचे फिरते चक्र आले. त्यात घोड्यांखेरीज ससे, शहामृग, जिराफ, हरिण, सिंह व वाघही होते. १९३१ मध्ये पोहण्याचा मोठा तलाव व १९३३ मध्ये नृत्यगृह बांधण्यात आले.

परंतु या आनंदात सर्वांना वाटा नव्हता. कृष्णवर्णीय मुलांना उद्यानात प्रवेश नसे. ३० जून १९६० रोजी हॉवर्ड विद्यापीठाचे विद्यार्थी आत शिरून त्या फिरत्या चक्रावर बसले. त्यांपैकी पाच जणांना अटक झाली. शेजारच्या बॅनॉकबर्न वसाहतीतील श्वेतवर्णीय रहिवासी त्यांच्या साहाय्यास धावले आणि संपूर्ण उन्हाळाभर प्रवेशद्वारापाशी शांततामय निदर्शने चालली. परिणामी १९६१ च्या हंगामात उद्यान सर्वांस खुले झाले. अटक करणारा पहारेकरी सरकारी अधिकारही धारण करीत होता. त्यामुळे त्याची कृती ही शासनाचीच कृती ठरते, असे मानून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली त्या विद्यार्थ्यांची शिक्षा रद्द केली.

१९६८ च्या हंगामानंतर उद्यान बंद पडले. फिरते चक्र विकले गेले, तेव्हा ग्रामस्थांनी पुढाकार घेऊन ८०,००० डॉलर जमविले व ते परत मिळविले. १९७१ पासून ही जागा राष्ट्रीय उद्यान खात्याकडे आहे. आज तेथे नृत्य, चित्रकला व कुंभारकामाचे वर्ग भरतात आणि ते जुने चक्र हंगामात अद्यापि फिरते. म्हणजे शिक्षणासाठी निर्माण झालेली जागा पुन्हा शिक्षणाकडेच वळली.

शिक्षक बंधुभगिनींनी इतिहास व नागरिकशास्त्र यांची सांगड घालताना ही हकीकत अवश्य सांगावी. 'प्रवेश नाही' या दोन शब्दांचा अर्थ मुलांना व्याख्येने उमगत नाही. ज्या चक्रावर बसण्याची ओढ प्रत्येक मुलाला वाटते, त्यावर काहींनी बसू नये असा नियम होता, हे कळताच तो तत्काळ उमगतो. त्यानंतर आपल्या गावातील पाणवठा, पार, जत्रेचे मैदान यांविषयी वडीलधाऱ्यांना विचारून यावयास सांगावे : ही जागा कोणी केली? येथे कोणास येऊ देत असत, कोणास नाही? हा पालट कोणाच्या प्रयत्नाने झाला? उत्तरे वहीत लिहून घ्यावीत. गावाच्या इतिहासाचे पहिले पान तेच होय.