जुन्या मोटरसायकलीच्या क्लचचे रोगनिदान

इंजिन एकसारखे फिरत असते. चाक मात्र कधी थांबलेले, कधी सावकाश चालणारे, तर कधी वेगाने धावणारे असते. या दोहोंची सांगड हवी तेव्हा घालणे आणि हवी तेव्हा सोडणे हे काम मोटरसायकलीत क्लचकडे सोपवलेले असते. क्लच निरोगी असतो तोवर चालकास त्याची आठवणही होत नाही. तो बिघडला म्हणजे मात्र भार लादलेली गाडी चढावर अडते, किंवा चौकात थांबवलेली गाडी आपण होऊन पुढे सरकू लागते. पहिल्या प्रकारात वेळ आणि पैसा वाया जातो. दुसऱ्या प्रकारात जिवासच धोका असतो.

अशा वेळी पुष्कळदा एकच उपाय सुचवला जातो, तो म्हणजे सर्व क्लचप्लेटा बदलून टाकणे. ज्याचा दूध घालण्याचा किंवा फिरतीचा धंदा गाडीवर चालतो, त्यास या खर्चाबरोबर एका दिवसाचा खाडाही सोसावा लागतो. त्यातून मूळ दोष केबलीत असला, तर तो तसाच राहतो आणि नव्या प्लेटाही थोड्याच दिवसांत जळून जातात. म्हणून पाना हाती घेण्यापूर्वी रोगाचे निदान होणे अगत्याचे आहे.

रचना

उदाहरणादाखल भारतात सर्वत्र परिचित असलेली ३५० सी.सी.ची जुनी बुलेट घेऊ. १९५५ साली एन्फील्ड इंडिया ही कंपनी मद्रास येथे स्थापन झाली आणि तिने ही गाडी भारतात तयार करण्यास आरंभ केला. ७० मि.मी. व्यास व ९० मि.मी. धाव असलेले तिचे ओतीव लोखंडी इंजिन पुढे अनेक दशके चालू राहिले. २०१० च्या सुमारास त्याची निर्मिती थांबली असली, तरी अशा गाड्या अद्याप रस्त्यावर आहेत.

या गाडीत क्लच डाव्या बाजूच्या साखळीपेटीत, तेलात बुडालेला असतो. इंजिनाच्या टोकावरील लहान दातेरी चक्र साखळीच्या योगे क्लचचे मोठे चक्र फिरवते. क्लचमध्ये दोन प्रकारच्या प्लेटा आळीपाळीने रचलेल्या असतात. एका प्रकारच्या प्लेटा बाहेरच्या चक्राबरोबर फिरतात, तर दुसऱ्या प्रकारच्या प्लेटा आतल्या तुंब्याबरोबर, म्हणजेच गिअरपेटीच्या दांड्याबरोबर फिरतात. स्प्रिंगा दाबप्लेटेच्या द्वारे ही सारी चळत आवळून धरतात. मुठीजवळचा लीव्हर दाबला म्हणजे केबल उजव्या बाजूची यंत्रणा ओढते. ती यंत्रणा गिअरपेटीच्या पोकळ दांड्यातून गेलेल्या पुशरॉडला, म्हणजे रेटा देणाऱ्या कांडीला, डावीकडे ढकलते. त्यामुळे दाबप्लेट उचलली जाऊन चळत सैल होते.

एकाऐवजी अनेक प्लेटा का?

घर्षण हे दाबाच्या प्रमाणात असते, स्पर्शाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते, हा नियम फ्रान्समधील आमाँताँ याने १६९९ मध्ये मांडला आणि कूलाँ याने पुढे १७८५ मध्ये विस्तृत प्रयोगांनिशी त्याचे विवेचन केले. मग प्लेटांची संख्या वाढवून काय साधते, असा प्रश्न साहजिकच पडतो. उत्तर असे की, चळतीतील प्रत्येक घासणाऱ्या जोडीवर स्प्रिंगांचा तोच पूर्ण दाब पडतो. चार जोड्या असल्या तर तोच दाब चार ठिकाणी उपयोगी पडून पकड चौपट होते. एकच प्लेट रुंद केल्याने हा लाभ होत नाही.

यावरून निदानाचे सूत्रही हाती येते. क्लचची पकड चार गोष्टींवर अवलंबून असते : स्प्रिंगांचा दाब, घासणाऱ्या पृष्ठांचा खरखरीतपणा, पृष्ठांची संख्या आणि मध्यापासून त्यांचे अंतर. पैकी शेवटच्या दोन गोष्टी बनावटीच्या वेळीच ठरतात. सबब क्लच घसरू लागला तर दाब कमी झाला आहे की पृष्ठे निसरडी झाली आहेत, एवढेच शोधावयाचे असते.

लक्षणे ओळखणे

क्लचचे विकार मुख्यतः दोन. पहिला घसरण्याचा. तिसऱ्या वा चौथ्या गिअरमध्ये चढावर ॲक्सिलरेटर पिळला असता इंजिनाचा आवाज चढतो, पण गाडीचा वेग त्या मानाने वाढत नाही. दुसरा विकार पूर्ण न सुटण्याचा. लीव्हर दाबूनही गाडी पुढे ओढली जाते, गिअर टाकताना खडखडाट होतो आणि उभ्या गाडीत न्यूट्रल सापडत नाही.

किक मारताना ती इंजिन न फिरवता खाली जाऊ लागली, तर दोष क्लचचा की किकच्या दात्यांचा, असा पेच पडतो. कारण या गाडीत किकचा जोरही क्लचमधूनच इंजिनाकडे जातो. तो पुढील परीक्षेने सुटतो. इंजिन बंद ठेवून गाडी चौथ्या गिअरमध्ये घालावी आणि लीव्हर न दाबता ती पुढे ढकलावी. इंजिनातील दाबामुळे गाडी अडली, तर क्लच धरत आहे आणि दोष किकच्या दात्यांत आहे असे समजावे. चाक फिरत असून इंजिन फिरत नसेल, तर क्लच घसरतो आहे हे उघड होते.

न सुटणाऱ्या क्लचची परीक्षाही अशीच सोपी आहे. गाडी पहिल्या गिअरमध्ये घालून व लीव्हर पूर्ण दाबून ढकलावी. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत तेलामुळे प्लेटा एकमेकींस चिकटतात. म्हणून इंजिन चालू करण्यापूर्वी लीव्हर दाबून दोनतीन किका मारण्याची चाल अनुभवी चालकांत आहे. ओढ फक्त थंड गाडीतच जाणवत असेल, तर ती या चिकटण्याची होय. इंजिन तापल्यावरही ती टिकून राहिली, तर केबल ढिली असणे किंवा प्लेटा वाकलेल्या असणे संभवते.

मोकळिकीची साक्ष

लीव्हर दाबू लागताच केबलीवर ताण येऊ नये. लीव्हरच्या मुळाशी सुमारे २ ते ३ मि.मी. मोकळीक राहावी. ही मोकळीक कोणत्या दिशेने बदलली, यावरून रोगाचे मूळ कळते.

प्लेटा झिजल्या म्हणजे चळत पातळ होते. दाबप्लेट आत सरकते, पुशरॉडला उजवीकडे रेटते आणि मोकळीक कमी होते. उलट केबल ताणली गेली, तिची एखादी तार तुटली किंवा पुशरॉडचे टोक झिजून तो आखूड झाला, तर मोकळीक वाढते. म्हणजे केबलीस हात न लावता मोकळीक घटली असेल, तर प्लेटांची झीज. वाढली असेल, तर केबल वा कांडी. हँडल डावीउजवीकडे वळवताना मोकळीक बदलत असेल, तर केबल कोठेतरी अडकते वा ओढली जाते असे जाणावे.

एक प्रसंग कल्पून पाहू. एका गाडीस नवी केबल बसवली आणि आठ दिवसांत ती चढावर घसरू लागली. प्लेटा संपल्या असे निदान सहज होईल. परंतु मोकळीक पाहिली तर ती शून्य आढळते. केबल इतकी घट्ट बसवली गेली आहे की, लीव्हर सोडलेला असतानाही पुशरॉड दाबप्लेटेस किंचित उचलून धरतो. स्प्रिंगांचा काही दाब वाया जातो आणि तापलेल्या प्लेटा घसरतात. मोकळीक वेळीच पूर्ववत केली तर दुरुस्ती पाच मिनिटांची ठरते. तसेच महिनाभर चालवल्यास मात्र प्लेटा खरोखरच जळतात.

बाहेरून आत

तपासणीचा क्रम स्वस्तापासून महागाकडे असावा. प्रथम लीव्हर व केबल. नंतर गिअरपेटीच्या उजव्या झाकणावरील लहान खिडकी उघडून आतील स्क्रू व त्याचा आवळनट. त्यानंतर साखळीपेटीतील तेल : त्याची पातळी तपासणीच्या बुचापर्यंतच हवी. घर्षण घटवणारी द्रव्ये मिसळलेले मोटारगाडीचे तेल येथे घालू नये. तेलात बुडालेल्या क्लचसाठी ‘जासो एम.ए.’ या मानकाची खूण असलेले तेल इष्ट.

एवढ्याने गुण न आला, तरच साखळीपेटी उघडावी. एकाने लीव्हर दाबावा आणि दुसऱ्याने दाबप्लेट पाहावी. ती एका बाजूने अधिक उचलली जात असेल, तर स्प्रिंगांचा दाब असमान आहे. सर्व स्प्रिंगा काढून त्यांची लांबी ताडून पाहावी; एखादी आखूड झाली असल्यास संपूर्ण संच बदलावा. पोलादी प्लेट सपाट काचेवर ठेवून ती डुगडुगते काय ते पाहावे. तिच्यावर निळी झाक असल्यास ती सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापली होती असे कळते. प्लेटांच्या जिभा ज्या खाचांत सरकतात, त्यांच्या कडांवर खड्डे पडले असले, तर प्लेटा तेथे अडकतात आणि क्लच सुटत नाही. अशा वेळी नव्या प्लेटा घातल्या तरी दोष कायम राहतो. बारीक खड्डे कानसाने साफ होतात. खोल असल्यास तो भागच बदलावा लागतो.

दक्षता

जुन्या घर्षणप्लेटांच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असणे शक्य आहे. त्याची धूळ फुप्फुसांस घातक असून तिच्यामुळे कर्करोगही होऊ शकतो. म्हणून प्लेटा कोरड्या घासू नयेत, हवेच्या झोताने झटकू नयेत. ओल्या फडक्याने पुसाव्यात आणि ते फडके बंद पिशवीत टाकावे. रस्त्यावर क्लच सुटेनासा झाल्यास प्रथम ॲक्सिलरेटर पूर्ण सोडावा, ब्रेक लावावा आणि तरीही गाडी ओढत असेल तर इंजिन बंद करावे.

या साऱ्या परीक्षांना लागते ते काय? सपाट जागा, चांगला उजेड, एक मोजपट्टी आणि थोडा धीर. आपली गाडी दुरुस्तीस टाकण्यापूर्वी मालकाने मोकळीक मोजून कागदावर टिपून ठेवली आणि घसरण थंड गाडीत होते की तापलेल्या, हे कारागिरास सांगितले, तर अर्धे निदान तेथेच होते. कारागिराचे श्रम त्यामुळे वाचतात, आणि ज्या प्लेटा आणखी पुष्कळ मैल धावू शकतात त्या भंगारात जात नाहीत.