प्रतीवरून मूळ उभे करताना

रामपायलीच्या दुकानदाराची खातेवही त्याच्या गादीशेजारी असते. ऑनलाइन दुकानाची वही मात्र मुंबई वा हैदराबादच्या क्लाउड-केंद्रातील डेटाबेसात असते. ती बिघडल्यास काय करावे, एवढाच माझा विषय आहे.

प्रथम नव्या मागण्या थांबवाव्यात. चालू डेटाबेसवर बॅकअप कधीही ओतू नये. ॲमेझॉनची आरडीएस सेवा तर जुनी स्थिती नव्या, स्वतंत्र डेटाबेसातच उभी करते. आधी पूर्ण प्रत उतरवावी, मग त्यानंतरच्या व्यवहारांची नोंदवही चूक घडण्यापूर्वीच्या क्षणापर्यंत तिच्यावर चढवावी. चुकीनंतर आलेल्या मागण्या पेमेंट गेटवेच्या हिशेबाशी ताडून हातानेच जुळवाव्या लागतात. हे काम कंटाळवाणे खरे. पण पैसे गेलेल्या ग्राहकाची मागणी सापडते ती येथेच.

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला. आवृत्त्यांच्या विसंगतीमुळे नियमित बॅकअप होतच नव्हते, आणि तसे कळवणारे ईमेलही वाटेतच नाकारले जात होते. चाचणीसाठी सहा तास आधी घेतलेली एक प्रत तेवढी हाती लागली. मधल्या सहा तासांच्या नोंदी गेल्या त्या गेल्याच.

म्हणून दरमहा एक बॅकअप रिकाम्या सर्व्हरवर उतरवून त्यातील शेवटची पावती उघडून पाहावी, आणि त्यास किती वेळ लागला तेही लिहून ठेवावे.