विश्लेषण : समुद्राकाठच्या जुन्या घरांतील मार्बल पॉलिशनंतरही पुन्हा का विटते?

गणपती गेले, पावसाने पाठ फिरवली की मरिन ड्राइव्हपासून वरळी, दादर, वांद्र्यापर्यंतच्या जुन्या इमारतींच्या जिन्यांतून मार्बल पॉलिशच्या यंत्रांची घरघर ऐकू येऊ लागते. दिवाळीआधी घर लख्ख हवे असते. चार-सहा दिवस दुधासारखे गढूळ पाणी वाहते, सामान या खोलीतून त्या खोलीत हलते आणि लादी आरशासारखी होते. मग जानेवारीत कधीतरी समुद्राकडच्या खिडकीखालच्या दोन ओळी पांढुरक्या दिसू लागतात. बोट फिरवले तर भुकटी लागते. दोष कारागिराला दिला जातो, पुढच्या वर्षी दुसरा कारागीर येतो आणि दगडाचा आणखी एक थर यंत्राखाली जातो.

प्रश्न केवळ खर्चाचा नाही. घासलेला दगड परत मिळत नाही आणि सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीच्या लादीशी जुळणारी छटा आज बाजारात सापडेलच असे नाही. चमक जाणे हे बहुतेक वेळा लक्षण असते. दुखणे खालच्या ओलीत आणि मिठात असते. ते तसेच ठेवून केलेले पॉलिश टिकत नाही.

खाऱ्या हवेने दगडाचे काय होते?

मार्बल इटलीतील कराराचे असो वा राजस्थानातील मकराण्याचे, ते मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे असते. दिसायला घट्ट असले तरी त्यात अतिसूक्ष्म छिद्रे आणि कणांमधल्या फटी असतात. त्यांतून पाणी झिरपते आणि सोबत विरघळलेले मीठ नेते. मीठ विरघळलेले आहे तोवर फारसे काही बिघडत नाही. पाणी उडून गेले की त्याचे स्फटिक होतात आणि वाढणारा स्फटिक छिद्राच्या भिंतींवर दाब देतो. हे अगदी वर घडले तर भुकटी दिसते. ती कोरड्या ब्रशने निघते. थोडे आत घडले तर वरचा पापुद्रा सुटतो आणि लादी साखरेसारखी दाणेदार, खरबरीत होते. हा दुसरा प्रकार जास्त वाईट.

यात एक आकडा महत्त्वाचा आहे. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतील बाष्प ओढून स्वतःच विरघळते. त्याखाली ते पुन्हा स्फटिकरूप होते. स्वयंपाकघरातील मिठाला पावसाळ्यात पाणी सुटते ते यामुळेच. कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात आर्द्रता या रेषेच्या बरीच वर असते, हिवाळ्यातील दुपारी बरीच खाली. म्हणून ऐन पावसात लादी दमट, काळपट दिसते पण भुकटी नसते, आणि हवा कोरडी झाली की तीच लादी पांढरी पडते. वातानुकूलन यंत्राने यात भर घातली आहे. रात्री खोली कोरडी, सकाळी खिडकी उघडली की पुन्हा दमट. जे चक्र पूर्वी मोसमातून एकदा फिरायचे, ते खिडकीजवळच्या लादीत आता रोजही फिरू शकते.

व्हेनिसमधील सेंट मार्क्स बॅसिलिका हे याचे जगाने पाहिलेले उदाहरण. १२ नोव्हेंबर २०१९ रोजी तेथे भरतीचे पाणी १८७ सेंटिमीटरपर्यंत चढले. पाणी ओसरले, पण मीठ विटांत, भिंतींत आणि संगमरवरी फरसबंदीत राहिले आणि वाळताना त्याने आपले काम सुरू केले. तेथे केवळ घासपूस करून भागले नाही. पाणी आत येऊ नये म्हणून २०२२ मध्ये इमारतीभोवती काचेचा अडसर उभारला गेला.

लादी खरोखर मार्बलची आहे का?

हे आधी पाहायला हवे. मुंबईतील आर्ट डेको इमारती २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आल्या. त्या काळच्या घरांत ज्याला सर्रास ‘मार्बल’ म्हटले जाते ती लादी अनेकदा मोझॅकची, म्हणजे सिमेंटमध्ये मार्बलचे तुकडे घालून घासलेली असते. अखंड मार्बलमध्ये शिरा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाहतात. मोझॅकमध्ये सुटे खडे दिसतात. आम्ल दोघांनाही बाधते. मात्र मोझॅकमधले सिमेंट खड्यांहून जास्त पाणी शोषते, त्यामुळे डाग तेथे खोल जातात. कोकणातील जुन्या घरांतली शहाबादी फरशीही चुनखडकाचीच, त्यामुळे आम्लाचा नियम तिलाही लागू.

ओल खालून येते की हवेतून?

मे अखेरीस, पहिल्या पावसाच्या तोंडावर तळमजल्याच्या घरांत लादीला घाम सुटतो. बाहेरची गरम, दमट हवा आतल्या थंड दगडावर टेकते आणि पाणी साचते. ही ओल हवेची. खालून जमिनीतून किंवा स्लॅबमधून चढणारी ओल वेगळी. दोन्हींचा उपाय वेगळा असल्याने आधी फरक कळायला हवा.

त्यासाठी बांधकाम क्षेत्रात एक साधी चाचणी वापरली जाते. दीड फूट लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा लादीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद करायच्या आणि किमान १६ तास तसाच ठेवायचा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूने थेंब दिसले किंवा झाकलेला दगड गडद झाला, तर ओल खालची. वरच्या बाजूने पाणी असेल तर हवेची. ही चाचणी एकाच ठिकाणी करून थांबू नये. समुद्राकडची खिडकी, न्हाणीघराची भिंत आणि घराचा मध्य अशा तीन ठिकाणी केली तर पाण्याचा रस्ताही कळतो.

हा रस्ता बहुधा अगदी साधा निघतो. न्हाणी ट्रॅपभोवतीचा सांधा सुटलेला असतो. बाल्कनीच्या उंबऱ्याचा उतार आतल्या बाजूला झालेला असतो. खिडकीची चौकट आणि भिंत यांमधली फट वर्षानुवर्षे रंगाखाली लपलेली असते, किंवा एसीच्या पाण्याची नळी भिंतीत ठिबकत असते. कोकण-गोव्याकडच्या जांभ्याच्या घरांत गोष्ट जरा अवघड. जुन्या जोत्यात ओल अडवणारा थर सहसा नसतो, त्यामुळे जमिनीतले पाणी भिंतीतून आणि फरशीखालून चढत राहते. तेथे घराभोवतीची पन्हळ, गटार आणि अंगणाचा उतार दुरुस्त करणे हे फरशीचेच काम समजायला हवे. वरून ओल अडवण्यासाठी चकचकीत लेपन मारण्याचा सल्ला अनेकदा मिळतो. खालून ओल असताना तसे केले तर पाणी त्या थराखाली अडकते, मीठही तेथेच स्फटिकरूप होते आणि थरासकट दगडाचा पापुद्रा सुटतो.

मीठ काढायचे कसे?

पाणी थांबले, लादी वाळू लागली की आतले मीठ वर येऊ लागते. येऊ द्यावे. कोरड्या, मऊ ब्रशने ते झाडून सुपलीत भरून घराबाहेर टाकायचे. ओल्या फडक्याने पुसले तर ते विरघळून पुन्हा आत जाते. जिथे भुकटी थांबतच नाही तिथे लेप देतात. पांढरा कागद डिस्टिल्ड पाण्यात भिजवून त्याचा लगदा करायचा, लादीवर बोटभर जाडीने थापायचा आणि उघडाच वाळू द्यायचा. वाळताना तो मीठ स्वतःकडे ओढतो. तो उचलून टाकायचा आणि पुन्हा नवा द्यायचा. काम कंटाळवाणे आहे, तीन-चार वेळा करावे लागते, आणि पॉलिशच्या दरपत्रकात ते जवळपास कधीच नसते. ते मुद्दाम मागून घ्यावे लागते.

समईचे तेल, हळद, चहा यांच्या डागांसाठीही लेपच, पण वेगळा. केओलिनसारखी पांढरी माती हळद-चहासाठी हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये, तेलासाठी अ‍ॅसिटोनमध्ये श्रीखंडाइतकी घट्ट कालवतात, डागावर थापतात आणि प्लास्टिकने झाकून दिवसभर ठेवतात. मग प्लास्टिक काढून वाळू देतात. अ‍ॅसिटोन पेट घेते, तेव्हा खिडक्या उघड्या आणि गॅस बंद हवा. आधी कोपऱ्यात, कपाटाखाली करून पाहावे.

पॉलिशवाल्याला काय विचारावे?

‘कितव्या नंबरपासून सुरू करणार?’ हा पहिला प्रश्न. घिसाईचे डायमंड पॅड ५०, १०० अशा जाड नंबरांपासून ३००० पर्यंत चढत जातात. नंबर जितका लहान तितका दगड जास्त झिजतो. लादी फक्त मंद झाली असेल, त्यावर आम्लाचे फिकट चट्टे असतील, तर ४०० च्या आसपासून सुरुवात करून भागते. ५० नंबर लागतो तो लाद्यांच्या कडा वर-खाली झाल्या असतील आणि सगळा पृष्ठभाग सपाट करायचा असेल तेव्हा. अशा वेळी एक-दोन उचललेल्या लाद्या काढून नीट बसवणे हे सगळी खोली घासण्यापेक्षा शहाणपणाचे. लाकडी दांड्याने ठोकून पाहिले की सुटलेली लादी पोकळ वाजते. तुटलेल्या लादीच्या जागी कपाटाखालची जुनी लादी आणून बसवायची आणि नवी कपाटाखाली घालायची, ही जाणत्या गवंड्यांची जुनी युक्ती. बसवताना वाळू न धुतलेली, खाडीची नको. तिच्यासोबत मीठ पुन्हा आत जाते. पांढऱ्या लादीखाली पांढरे सिमेंट, कारण करड्या सिमेंटची छटा वर उमटते.

शेवटचा हात ऑक्झॅलिक पावडरचा असतो. ते आम्ल आहे. मोजून वापरले तर चमक येते, जास्त झाले तर पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा बारीक खडबडीत होतो. ते विषारीही आहे आणि कारागीर ते बहुधा अनवाणी पायांनी, उघड्या हातांनी वापरत असतात. हातमोजे, बूट आणि मास्क पुरवणे ही घरमालकाचीही जबाबदारी मानायला हवी. क्रिस्टलायझेशन करताना यंत्राखाली स्टील वूल वापरले जाते. त्याचे बारीक तंतू सांध्यांत राहिले तर खाऱ्या हवेत गंजून तपकिरी ठिपके पडतात, म्हणून काम संपल्यावर लोहचुंबक फिरवलेला बरा. सीलर लावायचाच तर दगडात मुरणारा, आणि लादी पूर्ण वाळल्यावरच. त्याने तेल-हळद लवकर मुरत नाही. लिंबाचा चट्टा मात्र सीलर असूनही पडतो.

घरात ज्येष्ठ असतील तर आरशासारखी चमक मागण्याआधी थांबावे. पावसाळ्यात दमट झालेली गुळगुळीत लादी निसरडी होते. ४०० ते ८०० नंबरवर थांबवलेला मंद, रेशमी पोत पायाला धरतो आणि त्यावर ओरखडेही कमी उठून दिसतात.

त्यापेक्षा वरून टाइल्स का बसवू नयेत?

वजनामुळे. १८ मिलिमीटर जाड मार्बल आणि खाली ४० मिलिमीटर मसाला धरला तर चौरस मीटरला सुमारे १२८ किलो होतात. दहा बाय दहा फुटांच्या एका खोलीत जवळजवळ १.२ टन. जुनी फरशी तशीच ठेवून तिच्यावर नवा थर चढवला की ते ओझे जुन्या स्लॅबवर वाढते, आणि खारी हवा सोसलेल्या स्लॅबमधल्या सळया कोणत्या अवस्थेत आहेत हे वरून दिसत नाही. मुंबई महापालिका कायद्याच्या कलम ३५३ ब नुसार ३० वर्षांहून जुन्या इमारतींचे संरचनात्मक परीक्षण बंधनकारक आहे. फरशीला हात लावण्याआधी तो अहवाल वाचावा. खालच्या घराच्या छतावर ओलीचे किंवा गंजाचे डाग असतील तर तो विषय पॉलिशवाल्याचा राहत नाही, अभियंत्याचा होतो. पागडीच्या घरात मालकाची आणि सोसायटीत कार्यकारिणीची परवानगीही आधी घ्यावी.

रोजची देखभाल

खनिजांच्या कठीणपणाच्या मोजपट्टीवर मार्बल ३ वर आणि चौपाटीच्या वाळूतला क्वार्ट्झ ७ वर आहे. म्हणजे चपलेतून आलेला वाळूचा प्रत्येक कण घिसाईच पेपरसारखे काम करतो. दाराबाहेर एक, दाराआत एक असे दोन पायपुसणे आणि पुसण्याआधी मऊ झाडू, एवढ्याने बराच फरक पडतो. पुसायला गोडे पाणी आणि सौम्य, आम्ल नसलेला साबण. किनाऱ्यावरच्या विहिरी आणि कूपनलिका उन्हाळ्यात मचूळ होतात. ते पाणी लादीसाठी वापरू नये. वास्तूच्या सदरांतून सुचवली जाणारी ‘मिठाच्या पाण्याने लादी पुसा’ ही सूचनाही समुद्राकाठच्या मार्बलला परवडणारी नाही. लिंबू, चिंच, व्हिनेगर, संडास साफ करण्याचे अ‍ॅसिड यांचा थेंब पडला की चट्टा पडलाच. सोलकढी सांडली तर डागाआधी आमसुलाचे आम्ल दगड खाते, म्हणून ती ‘नंतर पुसू’ म्हणून ठेवायची नाही.

राहिला प्रश्न कामाच्या वेळेचा. पावसाळाभर भिजलेली भिंत आणि लादी ऑक्टोबरमध्ये आतून ओलीच असते. दिवाळीआधीचे पॉलिश म्हणूनच सर्वात कमी टिकते. गळती आणि सांधे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दुरुस्त करावेत, डिसेंबर-जानेवारीत मीठ वर येऊ द्यावे, लेप द्यावेत आणि प्लास्टिकची चाचणी पुन्हा करावी. आतली बाजू कोरडी निघाली तर फेब्रुवारी-मार्चमध्ये यंत्र बोलवावे.