आरशात दिसणारी तंबाखू

होळीआधी धडगावला भोंगऱ्या बाजार भरतो, तेव्हा चांदीचे दागिने घातलेल्या मुली नटूनथटून येतात. पंधराव्या-सोळाव्या वर्षी कर्करोग फार लांबचा वाटतो; चेहरा मात्र रोज आरशात दिसतो. तंबाखूबद्दल बोलायला तिथूनच सुरुवात करावी, असं मला मनापासून वाटतं.

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. धूम्रपान करणारे १८ ते ३० वयाचे १६० जण त्यात होते. सिगारेट चालू राहिली तर पुढे चेहरा कसा दिसेल, हे निम्म्या जणांना संगणकावर दाखवलं. सहा महिन्यांनी श्वास तपासला, तर त्यांच्यातल्या ११ जणांनी सिगारेट सोडली होती. उरलेल्या ८० जणांत फक्त एकाने. निकोटिनने त्वचेच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, धुराने कोलॅजन मोडतं आणि सुरकुत्या लवकर येतात.

आपल्याकडे बायका-मुलींची तंबाखू बहुतेक बिनधुराची. मशेरी घासून दात काळपट पडतात, हिरडी मागे सरकते, दाताचं मूळ उघडं पडतं आणि गार पाण्याचा घोटही झोंबतो. सरकलेली हिरडी आपोआप पुन्हा वर येत नाही. मात्र सोडल्यावर तोंडाचा वास कमी होतो, डाग दाताच्या डॉक्टरांकडे निघतात. मुलीला हे आधी सांगावं.

रंगावरून, रूपावरून टोमणा मात्र कधीच नको. लाजलेली मुलगी डबी लपवते, सोडत नाही. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे.